८५ टक्क्यांची घाई

‘ताई, नमस्कार. वय ३९. इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहितो. कॉलेजात असताना एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत तासाला १५ रुपये मोजून व्हाइस सिटी, मोस्ट वाँटेड आणि एज ऑफ एम्पायर्स खेळायचो. डब्याचे पैसे त्यातच जायचे. दोन वर्षांपूर्वी लॅपटॉप घेतला (८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही) आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात खातं काढलं. तेव्हापासून प्रत्येक सेलला काही ना काही घेतोच. परवा मोजल्या: ७१ गेम. पुऱ्या झालेल्या ४. उघडूनही न बघितलेल्या पन्नासच्या वर. बायको म्हणते, कारखान्याचा ताळेबंद चोख आणि घरचा बट्ट्याबोळ.

आता समर सेल पंधरा दिवसांवर आलाय. ज्या गेमसाठी हे सगळं सुरू केलं, त्याच आता ‘डेफिनिटिव्ह एडिशन’, ‘रीमास्टर्ड’ अशा नावांनी दिसतात. घ्याव्यात का? एका साइटवर त्यांची अॅक्टिव्हेशन की (खात्यात टाकला की गेम मिळते तो कोड) निम्म्या किमतीत मिळते, ती चालेल का? मेहुणा म्हणतो, टेलिग्रामवर फुकट असताना पैसे कशाला घालवतोस. मुलगा १४ वर्षांचा आहे, तो माझ्याच खात्यावरून खेळतो. आणि मोस्ट वाँटेडची ओरिजिनल सीडी अजून माझ्याकडे आहे, पण लॅपटॉपला ड्राइव्हच नाही. काय करू?

– सेलग्रस्त, इचलकरंजी’

सेलग्रस्त भाऊ,

७१ पैकी ४ वाचून मी हसले नाही. माझा स्वतःचा आकडा इथे छापण्यासारखा नाही, एवढंच सांगते.

तुम्ही कापडाच्या गावचे, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. आषाढात साडीवाला सेल लावतो त्यामागे खरं कारण असतं. श्रावणापासून सणांचा नवा माल यायचा असतो, जुने गठ्ठे हलवायचे असतात. गुरुवारी बघून ठेवलेली साडी रविवारी गेलेली असते, म्हणून तिथे घाई करण्यात अर्थ आहे. स्टीमच्या दुकानात गठ्ठेच नाहीत. एक प्रत विकली काय आणि लाख विकल्या काय, फळीवर माल तेवढाच. तिथली घाई बनवलेली असते. जूनअखेर समर सेल, पुढे ऑटम, डिसेंबरअखेर विंटर, मार्चमध्ये स्प्रिंग, आणि मधल्या काळात एकेका प्रकाशकाचे सेल वेगळेच. आज ८५ टक्क्यांनी उतरलेली जुनी गेम सहा महिन्यांनी बहुतेक वेळा पुन्हा तितकीच उतरलेली असते, कधी त्याहून जास्त.

पूर्वी असं नव्हतं, हेही खरं. काही तासांपुरत्या किमती पडायच्या आणि लोक गजर लावून उठायचे. २०१५च्या अखेरीपासून स्टीमने तो प्रकार बंद केला. आता सेलच्या पहिल्या दिवशी जी किंमत, तीच शेवटच्या दिवशी. म्हणून तुम्ही एवढंच करा: सेल सुरू झाला की आवडलेल्या गेम विशलिस्टमध्ये टाका, आणि खरेदी सेल संपायच्या आदल्या संध्याकाळी करा. मधल्या दहाबारा दिवसांत निम्म्या गेमची हौस आपोआप फिटते. उरलेल्यांपैकी जी ‘जेवण झालं की आज रात्रीच लावणार’ अशी असेल, ती घ्या. ‘कधीतरी खेळेन’वाली राहू द्या. कधीतरी येईल तेव्हाही कुठलातरी सेल चालूच असेल.

टक्क्यांचं एक सांगते, तुम्ही हिशेबनीस आहात म्हणून. ८५ टक्के कशावर, हे आधी बघायचं. स्टीमडीबी नावाच्या साइटवर गेमचं नाव टाकलं की रुपयांतल्या किमतीचा सगळा आलेख निघतो. मूळ किंमत कधी वाढली, आजवर सगळ्यात खाली कधी आणि किती गेली, सगळं दिसतं. किंमत वाढवून दुसऱ्याच दिवशी सूट दाखवायला स्टीमवर बंदी आहे, मध्ये ३० दिवस जावे लागतात. पण ३० दिवस म्हणजे काही फार नव्हेत. २०१५च्या नोव्हेंबरमध्ये भारतात रुपयांत किमती आल्या तेव्हा स्वस्ताई वाटली होती, त्यानंतर अनेक प्रकाशकांनी रुपयातले आकडे चांगलेच वर नेले. तेव्हा टक्का विसरा, शेवटचा आकडा वाचा. आणि सूट म्हणजेच व्यवहार असंही नाही. फॅक्टोरिओ नावाची एक कारखाना उभारायची गेम आहे (तुमच्या धंद्यातल्या माणसाला वेड लावील अशी). तिचे चेक निर्माते सांगूनच ठेवतात की सेल कधीही लावणार नाही. २०२३च्या जानेवारीत त्यांनी महागाई म्हणून उलट किंमत वाढवली, ३० डॉलरची ३५ केली. लोक तरी घेतातच.

आता खऱ्या घाईकडे येते, कारण तीही असते आणि तिची जाहिरात मोठ्या अक्षरांत होत नाही. गेममध्ये गाणी असतात, खऱ्या कंपन्यांच्या गाड्या असतात, त्यांचे करार ठरावीक वर्षांचे. करार संपला की गेम दुकानातून उतरते. २०१७च्या मे महिन्यात अॅलन वेक गाण्यांच्या करारापायी उतरली. उतरण्याआधी दोन दिवस ती ९० टक्के सूट देऊन विकली. पुढच्या वर्षी नवे करार होऊन ती परत आली, पण असं नशीब प्रत्येकीचं नसतं. फोर्झा होरायझन ४ डिसेंबर २०२४ मध्ये गेली. २०२१ मध्ये नीड फॉर स्पीडच्या (तुमच्या मोस्ट वाँटेडच्याच मालिकेतल्या) कार्बन, अंडरकव्हर अशा काही जुन्या गेम एकदम गेल्या. ज्यांनी आधी घेतल्या होत्या त्यांना अजून उतरवून घेता येतात, नव्याने मात्र कोणाला मिळत नाहीत. गाड्यांच्या आणि गाण्यांच्या गेमवर ‘अमुक तारखेपासून विक्री बंद’ असं वाचलंत, तर तेवढ्यापुरता बायकोचा टोमणा खाऊन घाई करा.

जुनी गेम दुकानातून जाण्याचं दुसरं कारण म्हणजे तीच गेम नव्या नावाने येणं. तुमचा मुख्य प्रश्न तोच आहे.

आधी व्हाइस सिटीचं बघू. मूळ २००२ची, पीसीवर २००३ साली आली. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये जीटीए थ्री, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास अशा तिघींची मिळून डेफिनिटिव्ह एडिशन आली आणि ती यायच्या आधीच जुन्या तिन्ही गेम दुकानांतून काढून टाकल्या होत्या. नवी आली ती अशी, की पाऊस पडायला लागला तर समोरचं काही दिसेना, माणसांचे चेहरे फुगलेले, दुकानांच्या पाट्यांवर शुद्धलेखनाच्या चुका. सॅन अँड्रियासमधलं धुकं काढलं, तर एवढा मोठा वाटणारा प्रदेश एका टेकडीवरून अख्खा दिसायला लागला. धुकं लपवत होतं ते उघडं पडलं. रॉकस्टार या तिच्या कंपनीने माफी मागितली, जुन्या आवृत्त्या काही काळ स्वतःच्या दुकानात परत ठेवल्या. पुढे दुरुस्त्या होत गेल्या. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या मोठ्या दुरुस्तीने धुकंही आलं आणि जुन्यासारखा उजेड निवडायची सोयही. आज ती बऱ्यापैकी खेळण्याजोगी आहे. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, तुम्ही गाडीत बसून जी गाणी ऐकायचात त्यांतली काही तिच्यात नाहीत. दुसरी, ती वेगळं ग्राफिक्स कार्ड मागते, जे तुमच्याकडे नाही. २००३ची गेम पेन्टियमवर पळायची म्हणून २०२१ची तुमच्या लॅपटॉपवर पळेल, असा हिशेब इथे लागत नाही. नाव तेच, यंत्र दुसरंच. तेव्हा व्हाइस सिटी या सेलला नको.

एज ऑफ एम्पायर्सची गोष्ट अगदी उलटी, आणि ही घ्याच. दुसरा भाग १९९९चा, २०१३ मध्ये एचडी आवृत्ती, २०१९ मध्ये डेफिनिटिव्ह. जुन्या गेमवर नवा रंग कसा चढवावा याचा हा धडा आहे. चित्रं नवी, पण लाकूडतोड्यांची चाल, गावाची घंटा, हल्ला कधी परतवायचा याची जाण, सगळं हाताला आठवतं. मोठ्या आकाराच्या चित्रांचा गठ्ठा वेगळा आणि ऐच्छिक ठेवलाय, त्यामुळे तुमच्या लॅपटॉपच्या आतल्या ग्राफिक्सवरही ती चालते. आणि २०२२ मध्ये तिच्यात द्रविड, बंगाली, गुर्जर अशा नव्या सत्ता आल्या. तोवर सगळ्या हिंदुस्थानाला एकच पलटण होती. भर टाकणाऱ्या गेम (डीएलसी) मात्र आत्ता घेऊ नका. मूळ गेममध्येच दोन वर्षं पुरेल एवढा ऐवज आहे.

मोस्ट वाँटेडवर मात्र सावध. स्टीमवर त्या नावाने जी मिळते ती २०१२ची, दुसऱ्याच स्टुडिओने केलेली. तुम्हाला हवी आहे ती २००५ची, ज्यात पोलिसांची टोळी मागे लागते आणि ब्लॅकलिस्टवरची पंधरा माणसं एकेक करून हरवायची असतात. ती स्टीमवर कधीच नव्हती. कितीतरी जणांनी नावाला भुलून दुसरी घेतली आणि मग तिच्या नावाने खडे फोडले. बिचारी वाईट नाही, फक्त ती ही नव्हे.

एकुणात ‘रीमास्टर्ड’ म्हटलं की मी आधी एकच शोधते: जुनीचं काय केलं? बेथेस्डा कंपनीने २०१६ मध्ये स्कायरिम या गेमची नवी आवृत्ती काढली, तेव्हा ज्यांच्याकडे पीसीवर भरीच्या गेमसकट जुनी होती त्यांना ती फुकट दिली. बायोशॉकचंही तसंच झालं. या घरंदाज रीती. दुसऱ्या टोकाला वॉरक्राफ्ट थ्री. २०२० मध्ये रीफोर्ज्ड आली आणि ज्यांनी नवी घेतलीच नव्हती त्यांचीही जुनी गेम अपडेटच्या नावाखाली बदलून टाकली. जुनी जिथे शेजारी विकायला ठेवलेली असते, तिथे प्रकाशकाला नव्यावर भरवसा आहे असं मी धरते. जिथे ती आधी उचलून ठेवतात, तिथे मी महिनाभर थांबते आणि लोकांच्या तक्रारी वाचते.

तुमच्यासाठी माझ्या मनात आणखी एक आहे: प्रिन्स ऑफ पर्शिया, सँड्स ऑफ टाइम. तिची नवी आवृत्ती उबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होती. २०२० मध्ये घोषणा झाली तेव्हा आपल्याकडे केवढं कौतुक! पुढे तारखा सरकल्या आणि २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियालला गेलं. पण २००३ची मूळ गेम जीओजीवर आहे, तुमच्या यंत्राला सहज झेपते आणि आठ-दहा तासांत संपते. पाचवी पुरी झालेली गेम हीच होईल, पैज लावते.

जीओजी म्हणजे काय, तर २००८ पासूनचं पोलंडचं दुकान, जुन्या गेम नव्या विंडोजवर चालतील अशा करून विकणारं. तिथे इन्स्टॉलरची फाइल उतरवून हार्डडिस्कवर ठेवता येते. नंतर दुकान बंद पडलं तरी ती चालते. स्टीमवर आपण जे घेतो ते खेळायचं परवानापत्र असतं, गेम नव्हे. कॅलिफोर्नियात हे ग्राहकाला स्पष्ट सांगण्याचा कायदा झाला, तेव्हापासून, म्हणजे २०२४च्या ऑक्टोबरपासून, स्टीमच्या कार्टमध्येही तशी ओळ दिसते. बघा कधीतरी, पैसे भरण्याच्या बटणाजवळच आहे. याचा अर्थ काय होतो ते द क्रू नावाच्या शर्यतीच्या गेमने दाखवलं. २०१४ची गेम, पैसे देऊन घेतलेली, ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाले आणि एकट्याने खेळायचा भागही त्याबरोबर गेला. पाठोपाठ लोकांच्या खात्यांतून परवानेही काढले. युरोपात त्यावरून चळवळ उभी राहिली, दहा लाखांवर सह्या झाल्या. म्हणून ‘ऑनलाइन जोडणी कायम आवश्यक’ असं पानावर लिहिलेल्या जुन्या गेमला मी सेलमध्येही हात लावत नाही. ती स्वस्त झाली म्हणजे बऱ्याचदा तिचे दिवस भरत आलेले असतात.

पैसे परत मिळण्याची सोय मात्र वापरा, आपले लोक ती वापरतच नाहीत. स्टीमवर खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांच्या आत असेल तर कारण न विचारता पैसे परत येतात. जीओजीवर ३० दिवस. तुमच्या लॅपटॉपवर गेम चालते की अडखळते, हे कळायला वीस मिनिटं पुरतात. मी एकदा एक सुंदर रीमास्टर्ड गेम घेतली आणि ‘निवांत वेळ मिळाला की लावू’ म्हणून ठेवली. निवांत वेळ एकविसाव्या दिवशी मिळाला. ती माझ्या यंत्रावर दर पाच सेकंदांनी गोठते, अजूनही. म्हणून सांगते, घ्याल त्या दिवशीच लावून बघा. आणि पूर्ण किमतीला घेतल्यावर चार दिवसांत सेल लागला, तरी परत करून सेलच्या भावात पुन्हा घ्या. स्टीम त्याला गैरवापर मानत नाही, तसं त्यांनी लिहूनच ठेवलंय.

निम्म्या किमतीच्या कीबद्दल. प्रकाशकाकडून थेट की घेऊन विकणारी दुकानं आहेत, हंबल, फॅनॅटिकल, ग्रीन मॅन गेमिंग वगैरे. तिथून घ्यायला हरकत नाही. पण कोणीही विक्रेता होऊन की विकू शकतो अशा बाजारात ती की कुठून आली हे कळायला मार्ग नाही. २०२० मध्ये जीटूए या अशाच बाजाराने स्वतःच तपास करून मान्य केलं की फॅक्टोरिओच्या १९८ चोरीच्या की तिथे विकल्या गेल्या, आणि निर्मात्यांना सुमारे ४० हजार डॉलर दिले. चोरलेल्या क्रेडिट कार्डावर की घ्यायच्या, बाजारात विकायच्या, मग कार्डवाला तक्रार करतो आणि भुर्दंड गेम बनवणाऱ्याला. की रद्द झाली तर तुमचेही पैसे बुडाले. दुसऱ्या देशाची की किंवा व्हीपीएन लावून दुसऱ्या देशाच्या किमतीत खरेदी, हेही नको; खात्यावर बंदी येऊ शकते, आणि मग एक गेम नाही, ७१ जातील.

मेहुण्याला सांगा, फुकटच हवं तर एपिक नावाच्या ऑनलाइन दुकानात दर गुरुवारी एखादी तरी गेम अधिकृतपणे फुकट असते. २०२० मध्ये त्यांनी जीटीए फाइव्हसुद्धा वाटली होती, गर्दीने साइट झोपली. टेलिग्रामवरची फाइल तुमच्या लॅपटॉपवर चालवू नका. त्याच लॅपटॉपवर तुमचं नेटबँकिंग असणार.

मुलाला तुमच्या खात्यावर ठेवू नका. तेराच्या पुढे त्याचं स्वतःचं खातं निघतं. ते काढा आणि स्टीम फॅमिलीज सुरू करा. एका घरातले सहा जण एकमेकांच्या गेम खेळू शकतात, तुम्ही एक आणि तो दुसरी, एकाच वेळी. एकच प्रत दोघांना एकदम नाही. कोणती गेम त्याला दिसावी आणि किती वेळ, तेही तुम्ही ठरवू शकता. त्याने तुमच्या गेममध्ये चीटिंग केली तर बंदी तुम्हालाही लागते, हे त्याला आधीच बजावा. व्हाइस सिटी १८च्या वरच्यांसाठी आहे, तुम्ही कोणत्या वयात खेळलात ते त्याला सांगायची गरज नाही. उलट तुमच्या त्या न उघडलेल्या पन्नास गेमची यादी त्याच्या हातात द्या. तिच्यातल्या सात-आठ त्याला नक्की आवडतील आणि ताळेबंदात तेवढी जमा बाजू दिसेल. बाकीच्या विकता येत नाहीत, परत होत नाहीत. त्यांना ‘हिडन’मध्ये टाका, डोळ्यांसमोर नकोत.

राहिली सीडी. यूएसबीने जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो, तो कोणाकडून तरी दोन दिवस मागून आणा. विकत आत्ताच घेऊ नका, कारण एक अडचण आहे. त्या काळच्या पुष्कळ सीडींवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं आणि विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने ते चालवणंच बंद केलंय. म्हणजे सीडी तुमची, पावती तुमची, तरी गेम उघडेलच असं नाही. गावात कोणाकडे विंडोज एक्सपी किंवा सेव्हनचा जुना पीसी धूळ खात पडला असेल तर विचारून बघा. एसटी स्टँडजवळच्या त्या कॅफेवाल्याला आधी विचारा. त्याच्याकडे नक्की असेल, आणि तासाला १५ रुपये आता तो घेणार नाही.